व्हिएन्नाची वेळ

आमच्या साताऱ्याच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक हॉलमध्ये, नेहमीचं. दुसरं स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर. हे दुसरं सप्टेंबर २०२२ पासून व्हिएन्नाच्या वेळेवर चालतं. कल्पना आईची. सून परदेशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला स्टुलावर चढवलं आणि काटे साडेतीन तास मागे घ्यायला लावले. तेव्हापासून ती भाजी फोडणीला टाकता टाकता वर बघते आणि म्हणते, "आत्ता कुठे उठली असेल." किंवा "दीड वाजला, जेवली असेल का गं बाई." पाहुणे येतात, घड्याळ बंद पडलंय असं सांगतात, आणि मग आई त्यांना सगळी कथा ऐकवते.

तर ही (नाव लिहिलेलं तिला आवडत नाही, त्यामुळे 'ही'च) वनस्पतिशास्त्रातली. पीएचडीनंतर तिला व्हिएन्नात संशोधनाची जागा मिळाली, फेब्रुवारी २०२४ पर्यंतची. मी बँकेत. आईला एकटं ठेवून नोकरी सोडून जाणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जाऊन तिथे करणार काय होतो? तेव्हा ठरलं की ती जाईल आणि मी मधे एकदा जाऊन येईन. ते 'मधे एकदा' व्हायला तेरा महिने लागले. उन्हाळ्यात व्हिसाची तारीखच मिळाली नाही, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग ऑडिट. शेवटी १९ ऑक्टोबर २०२३ ला, ऐन नवरात्रात, मी व्हिएन्नाच्या विमानतळावर उतरलो.

उतरण्याआधीचे शेवटचे दोन तास मी विमानात फक्त एकच विचार करत होतो, की समोर दिसल्यावर पहिलं काय बोलायचं. मनाशी दोन-तीन वाक्यं घोळवलीसुद्धा. बाहेर आलो. ती कठड्याला टेकून उभी होती, केस कापलेले (हे फोनवर सांगितलं होतं, तरी दचकलो), गळ्यात राखाडी स्कार्फ. मी जवळ गेलो आणि ती म्हणाली,

"जॅकेट कुठाय?"

जॅकेट बॅगेत होतं. बॅग तिथेच जमिनीवर उघडली, चकल्यांचे डबे बाजूला काढले, जॅकेट घातलं. अशी आमची भेट झाली. कंदी पेढे मात्र आणता आले नाहीत, दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. आई अजून त्यावर विश्वास ठेवत नाही.

पहिले दोन दिवस विचित्र गेले. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बायकोशी कसं वागावं हे विसरल्यासारखं झालं होतं. ती भराभर चालायची. मी मागे. सरकत्या जिन्यावर मी डावीकडे उभा राहिलो की हळूच बाही ओढून उजवीकडे घ्यायची, डावी बाजू घाईतल्यांसाठी. रस्ता अगदी रिकामा असला, लांबवर गाडी दिसत नसली, तरी लाल दिव्याला थांबायची. आणि माझ्या बोलण्यावर मधेच "गेनाऊ" म्हणायची, म्हणजे 'बरोबर'. तिला कळायचंही नाही आपण काय म्हणालो ते.

तिथे काही चौकांत सिग्नलवर एकटा माणूस नसतो, जोडपं असतं. हातात हात घातलेलं, मधे बदाम. २०१५ मध्ये युरोव्हिजनची गाण्याची स्पर्धा तिथे झाली तेव्हा बसवले आणि लोकांना आवडले म्हणून ठेवले. काहींत बाई-पुरुष, काहींत दोन बायका, काहींत दोन पुरुष. मला भारी गंमत वाटली, मी फोटो काढत बसलो. ती म्हणाली, "मी रोज बघते हे. आधी आधी फार राग यायचा." आणि हिरवा लागल्यावर चालायला लागली.

ती राहते ओटाक्रिंगला, सोळाव्या जिल्ह्यात. एक खोली, एक खिडकी, खिडकीत कोथिंबीर. जवळच ब्रुनेनमार्केट म्हणून लांबलचक रस्त्यावरचा बाजार आहे, बरेच विक्रेते तुर्की. अगदी आपल्या मंडईसारखा आरडाओरडा. तिथे ती घासाघीस नाही पण निवडानिवड मात्र साताऱ्यासारखीच करत होती, हे बघून बरं वाटलं. आकडे ती फार पटकन शिकली म्हणे. आपण चोवीस म्हणतो म्हणजे आधी चार, मग वीस. जर्मनमध्येही तसंच, चार-आणि-वीस. बरोबरचे इंग्रजीवाले गोंधळतात आणि ही फटाफट सुटे पैसे मोजून देते. बँकेतल्या नवऱ्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

शनिवारी स्टेफान्सडोमच्या दक्षिण मनोऱ्यावर चढलो. ३४३ पायऱ्या, गोल गोल, अरुंद. समोरून कोणी उतरत असलं की भिंतीला पाल होऊन चिकटायचं. अजिंक्यतारा चढणारा माणूस मी, पण दोनशेच्या पुढे मोजणं सोडलं. ती वर पोचून वाट बघत होती. खाली कौलांचं ते प्रसिद्ध छप्पर, रंगीत नागमोडी नक्षीचं, सव्वादोन लाखांच्या वर कौलं आहेत म्हणतात. वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. ती माझ्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाली, मला "दोन" एवढंच ऐकू आलं. मी विचारलं, काय? ती म्हणाली, काही नाही, खाली गेल्यावर सांगते. खाली गेल्यावर तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

रविवारी शोनब्रुनला निघालो. तिथल्या मेट्रोला आत शिरताना फाटकं नसतात. तिकीट काढायचं, शिक्का मारायचा आणि बसायचं, पण साध्या कपड्यांतले तपासनीस कधीही उगवतात. त्या दिवशी उगवले. मी माझं आठवड्याचं तिकीट दाखवलं. हिने फोनवर वर्षाचा पास उघडला. हा पास तेव्हा ३६५ युरोंचा होता, दिवसाला एक युरो. मी कौतुकाने वाकून बघायला गेलो.

बँकेतल्या माणसाची नजर आधी तारखेवर जाते, मग रकमेवर. पास संपायची तारीख होती ३१ ऑगस्ट २०२४.

फेब्रुवारीत परत येणारी बाई ऑगस्टपर्यंतचा पास कशाला काढेल? मी काही बोललो नाही. तपासनीस आभार मानून पुढे गेला. तिने फोन पर्समध्ये टाकला, माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. सहा वर्षांचा संसार एवढ्यापुरता शाबूत होता.

शोनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत. त्यातल्या चाळीसेक दाखवतात. १७६२ मध्ये सहा वर्षांच्या मोझार्टने जिथे मारिया थेरेसापुढे वाजवलं तो महाल बघितला, म्हणजे त्यातून चालत गेलो. मला आठवतोय तो फक्त फ्रान्झ योझेफचा पलंग. एवढा सम्राट, पण साधा लोखंडी पलंग, आपल्या सरकारी दवाखान्यात असतो तसा. त्याच पलंगावर १९१६ साली तो गेला. पहाटे उठून टेबलाशी बसायचा आणि दिवसभर कागद तपासायचा. त्याची राणी एलिझाबेथ, जिचे फोटो तिथे चॉकलेटच्या डब्यावरसुद्धा असतात, ती राजवाड्यात थांबायचीच नाही. सतत प्रवासात. कानात अडकवलेल्या यंत्रातला आवाज हे सगळं अगदी शांतपणे सांगत होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता त्या पलंगाकडे बघत उभे होतो. मागची रांग वैतागली असणार.

बाहेर आलो. ती म्हणाली, "चल, कॉफी घेऊ."

व्हिएन्नातली कॉफीहाउसं म्हणजे आपल्या इराण्याचे श्रीमंत भाऊबंद. संगमरवरी टेबलं, काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं, गंभीर चेहऱ्याचे वेटर. कॉफीबरोबर छोट्या ताटलीत पाण्याचा पेला येतो, पेल्यावर चमचा आडवा. पाणी नळाचंच, पण थेट आल्प्समधल्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येतं. आणि मुख्य म्हणजे तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही. एका कॉफीवर दिवसभर बसा, कोणी उठवणार नाही. आम्ही पावणेतीन तास बसलो. उठायला काही निमित्तच नव्हतं.

तिचं काम दोन वर्षांनी वाढवलं होतं. फेब्रुवारी २०२६ पर्यंत. पत्र जुलैमध्येच आलं होतं.

"आणि तू मला आत्ता सांगतेयस? तेही मी तारीख बघितली म्हणून?"

"मी काल वर सांगत होते."

"वाऱ्यात!"

शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी मान वर केली. मराठीत हळू आवाजात भांडणं किती अवघड आहे हे तेव्हा कळलं, आपल्या भाषेत भांडणाला आवाज लागतोच. मी जे बोललो त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. आई थकत चाललीय, आपण पस्तिशीला आलो, लोक विचारतात (ज्या नातेवाईक मंडळींनी विचारलंय त्यांनी स्वतःला ओळखावं). ती ऐकून घेत होती. वेटर एकदा येऊन न सांगता पाण्याचे नवे पेले ठेवून गेला.

मग ती म्हणाली, "जुलैत फोनवर सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"काय म्हणणार... हो म्हणालो असतो."

"तेच. तू फोनवर सगळ्याला हो म्हणतोस. हो, चालेल, काळजी नको करू. तेरा महिन्यांत एकदाही नाही म्हणाला नाहीस. मला तुझा हो नको होता. मला सांगताना तुझा चेहरा बघायचा होता."

"व्हिडिओवर दिसतो की."

"व्हिडिओवर तू स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत असतोस."

यावर काय बोलणार? खरं होतं ते. मी फोनवर हो म्हणायचो कारण नाही म्हटल्यावर पुढे जे बोलावं लागतं ते फोनवर बोलता येत नाही. फोन ठेवल्यावर ती तिकडे एकटी आणि मी इकडे. त्यापेक्षा 'चालेल' सोपं. मी तिच्या भल्यासाठी समजूतदार झालो होतो, आणि ती तिकडे समजत होती की याला काही फरकच पडत नाही.

बिल मागवलं. पुढचा दीड दिवस आम्ही फार कमी बोललो.

मंगळवारी दसरा होता. सकाळी घरी फोन केला, आईने पाटीपूजन आटोपलं होतं, बहीण येऊन राहिली होती. संध्याकाळी ही कामावरून लवकर सुटली आणि म्हणाली, बेल्वेदेरला चल. तिथे क्लिम्टचं 'द किस' आहे. चित्रापुढे ही गर्दी, सगळ्यांचे फोन वर. सोनेरी झगा, त्यात गुरफटलेलं जोडपं, आणि बाईची पावलं अगदी कड्याच्या टोकावर. बाईचा चेहरा दिसतो, डोळे मिटलेले. पुरुषाचा दिसतच नाही, तो वाकलेला आहे.

"याचा चेहराच दिसत नाही," मी म्हणालो.

"फोनवर असेल," ही म्हणाली.

दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो.

त्या राजवाड्याला लागूनच विद्यापीठाची वनस्पती बाग आहे, १७५४ पासूनची. अंधार पडत आला होता. ती मला एका मोठ्या झाडाखाली घेऊन गेली. गिंको. पानं पिवळी व्हायला लागलेली, थोडी खाली पडलेली. तिने एक उचलून माझ्या हातावर ठेवलं. पंख्याच्या आकाराचं पान, मधे चीर, त्यामुळे दोन भाग जोडल्यासारखं.

"सोनं घे. आपटा इथे कुठला मिळणार? याचं आणि आपट्याचं काहीही नातं नाही, उगाच शास्त्रीय चर्चा करू नकोस. पान दुभंगलेलं आहे एवढंच."

मी तिला एक दिलं. वाकून नमस्कार करायला कोणी मोठं माणूस नव्हतं, म्हणून झाडालाच केला. एक जपानी बाई आमच्याकडे बघून हसली आणि तिनेही एक पान उचललं.

गुरुवारी २६ ऑक्टोबर, त्यांचा राष्ट्रीय दिन. १९५५ मध्ये याच तारखेला ऑस्ट्रियाने कायमचं तटस्थ राहायचा कायदा केला. तटस्थ देश, पण हेल्डेनप्लाट्झवर सैन्याचं प्रदर्शन असतं आणि पोरंटोरं रणगाड्यांवर चढून फोटो काढतात. त्याच चौकात १९३८ साली हिटलरने बाल्कनीतून भाषण केलं होतं. गर्दीतून बाहेर पडून कालव्याच्या काठाने चालत होतो, तेव्हा मला नेताजी आठवले. आमच्या आजोबांच्या खोलीत त्यांचा फोटो होता. १९३३ मध्ये ते उपचारांसाठी व्हिएन्नात आले. पुढच्या वर्षी पुस्तकाच्या कामाला टाइप करणारं कोणी हवं होतं, तेव्हा एमिली शेंकल कामावर आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये याच शहरात त्यांची मुलगी अनिता जन्मली. नेताजी एकदा येऊन बाळाला बघून गेले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीहून पाणबुडीने पूर्वेकडे निघाले. मग भेट नाहीच.

हे सगळं मी तिला जरा रंगवून सांगितलं. आपल्या ताटातुटीला थोडं वजन यावं असा हेतू असणार.

ती म्हणाली, "तू विमानाने आलायस, पाणबुडीने नाही." थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि तिचं पुढे काय झालं?"

"तिने मुलीला वाढवलं. आई होती बरोबर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, पाळ्या करून. १९९६ ला गेली, इथेच."

"म्हणजे त्रेपन्न वर्षं. ते तू दोन वाक्यांत सांगितलंस. पाणबुडीला पाच मिनिटं."

मी मनात मोजलं. पाणबुडीला खरंच पाच मिनिटं झाली असतील. आणि तेव्हाच असं लक्षात आलं की मला तिच्या खोलीचं भाडं माहीत होतं, पगार माहीत होता, पासची तारीख माहीत होती, पण ती दिवसभर तिथे नक्की करते काय हे मी तेरा महिन्यांत नीट विचारलं नव्हतं. "काय केलंस आज?" "काम." "बरं." संपलं.

शनिवारी, माझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी, तिला प्रयोगशाळेत जावं लागणार होतं. झाडांना शनिवार-रविवार कळत नाही. आठवड्यापूर्वी मी रुसलो असतो. म्हणालो, मीही येतो.

एक लांब खोली, पांढरा प्रकाश, फडताळांवर शेकडो छोट्या कुंड्या आणि प्रत्येकीत वीतभरसुद्धा नसलेलं किरकोळ झाड. नाव अरॅबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं. आपल्या परसात उगवलं तर उपटून टाकू. हिचं माहेर माण तालुक्यातलं, टँकरच्या रांगेत उभी राहून वाढलेली मुलगी. ती बघतेय ते हे, की तहानेचा ताण सोसलेल्या झाडाच्या बियांत त्याची काही आठवण उतरते का. आई तहानलेली राहिली तर लेक, नात, पणती दुष्काळाला जास्त तयार असतात का. त्यासाठी पिढ्यामागून पिढ्या वाढवाव्या लागतात. बीपासून पुन्हा बी यायला दीड-दोन महिने. सात पिढ्या झाल्या होत्या.

"अजून किती लागतील?"

"दहा-बारा तरी."

मी हिशेब केला. दोन वर्षं. बरोबर बसत होतं. एका ओळीतल्या कुंड्यांना ती मुद्दाम पाणी घालत नव्हती. पानं मलूल झाली होती. मी म्हणालो, अगं थोडं तरी घाल. ती म्हणाली, मलाही रोज वाटतं.

त्या रात्री युरोपातली घड्याळं बदलणार होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन करतात, म्हणजे एक तास फुकट मिळतो. आम्ही ठरवलं, झोपायचंच नाही. सकाळी विमान, सामान बांधून तयार. चकली आणि चहा घेऊन बसलो. काय काय ठरलं, काही ठरलं नाही. वर्षातून एकदा मी जाईन, एकदा ती येईल. मुलाचं दोघांनी पहिल्यांदा एकमेकांशी बोललो, आत्तापर्यंत दोघंही लोकांना उत्तरं देण्यातच दमलो होतो. मी एका गोष्टीला स्पष्ट नाही म्हणालो, कोणत्या ते आमच्यात राहू दे. ती म्हणाली, बरं वाटलं.

दोनच्या सुमारास ती बोलता बोलता झोपली. फोनवर २:५९ चे २:०० झाले तेव्हा मी एकटाच जागा होतो. तो जादाचा तास मी भांडी घासली, कोथिंबिरीला पाणी घातलं आणि तिच्या शेल्फवरचे डबे लावले. डब्यांवर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, गोडा मसाला, मेतकूट, तीळकूट. मेतकूट संपत आलं होतं.

सकाळी एस-७ गाडीने विमानतळावर. तिथे काही विशेष बोललो नाही. "जॅकेट हातात ठेव," एवढं ती म्हणाली.

साताऱ्याला पोचलो तर आई दारातच. प्रवास, जेवण, तिची तब्येत, सगळं विचारून झालं. जो प्रश्न विचारणार म्हणून मी खंबाटकी घाटापासून तयारी करत आलो होतो तो तिने विचारला नाही. संध्याकाळी मी स्टूल घेतलं आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ काढलं.

"आता ते काय करतोस?"

"तिकडे वेळ बदलली. आता साडेतीन नाही, साडेचार तासांचा फरक."

आई कणीक मळत होती. मी काटे एक तास मागे घेतले, आणि तिच्याकडे पाठ होती तेवढ्यात म्हणालो, "आई, तिचं काम दोन वर्षं वाढलंय."

थोडा वेळ परातीचा आवाज तेवढा येत राहिला.

"मग सेल चांगला घाल," आई म्हणाली, "तो स्वस्तातला मधेच बंद पडतो."